ज्या हिवाळ्यात मला थंडी वाजलीच नाही

हे मी लिहितेय ते 'चुलीला सुट्टी' या आमच्या व्हॉट्सॲप गटातल्या बायकांसाठी. गेल्या फेब्रुवारीत गट सोडताना मी एकच वाक्य टाकलं होतं, 'घरगुती अडचणींमुळे वेळ देता येत नाही.' तुम्ही जोडलेल्या हातांची चित्रं पाठवलीत. दोघीतिघींनी 'ताई, तुमच्यामुळे आयुष्य बदललं' असंही लिहिलंत. तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉटवर होते. उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून ते वाक्य मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. खोटं बोलायलाही मी इतके कष्ट घेतले.

आता दोन्ही हात मोकळे आहेत, तेव्हा खरं लिहिते.

*

सुरुवात वाईट नव्हती. मला पित्ताचा त्रास होता, वजन वाढलं होतं, दोन जिने चढले की धाप लागायची. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे आपलंही काही चुकू शकतं असं मानायची सवयच सुटली होती. मैत्रिणीने एका शिबिराला नेलं. तिथे सांगितलं की माणूस सोडला तर कुठलाच प्राणी अन्न शिजवून खात नाही. मला ते इतकं पटलं की घरी येऊन मी शेगडीवर परात उपडी घातली आणि तिच्यावर फळांची टोपली ठेवली. ती परात चार वर्षं तशीच राहिली.

मोडाची मटकी, गाजर, पेरू, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, किसलेला दुधी, पालकाचा रस. अंडी-मासळी बंद, दूध-दहीसुद्धा बंद. पहिलं वर्ष खरोखर छान गेलं, हे मी आजही नाकारणार नाही. पित्त गेलं. जुने ब्लाऊज अंगाला यायला लागले. त्या हिवाळ्यात मला एकदाही सर्दी झाली नाही. आमच्या यांना मात्र तीनदा झाली, आणि त्यांच्या प्रत्येक शिंकेला मी असं बघायचे की त्यांनी माफीच मागावी.

आमचे हे, म्हणजे अशोक, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. स्वभावाने गरीब. घरातली भाकरी बंद झाली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. रोज सकाळी फिरायला जायला लागले आणि येताना शर्टावर मिसळीच्या रश्श्याचा एखादा तरी ठिपका आणायला लागले. रात्रीचा त्यांचा डबा बाहेरून यायचा आणि तो ते गॅलरीत बसून खायचे. माझ्या नाकाला वास नको म्हणून.

शिबिरातल्या लोकांना दोष द्यायला मला फार आवडलं असतं. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की बी-बारा नावाचं जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, त्याची गोळी घ्या, आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. मी ते वहीत लिहूनही घेतलं. खाली माझ्याच अक्षरात शेरा आहे, 'गोळी लागत असेल तर आहार नैसर्गिक कसला?' गटात कुणी गोळीचं विचारलं की मी हेच ठणकावून सांगायचे. ज्यांना सांगितलं त्यांनी उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्यावं. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

*

चौथ्या हिवाळ्यात माझे पाय बदलले.

आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग तळव्याखाली कापूस घातल्यासारखं वाटायला लागलं. आणि मग थंडी लागायचीच बंद झाली. निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता, सगळी कॉलनी कानटोप्या घालून बसली होती, आणि मी गार फरशीवर अनवाणी हिंडत होते. मला आनंद झाला. चार वर्षांच्या तपाचं फळ मिळालं असंच मला वाटलं.

तुमच्यापैकी वीसेकजणी त्या रविवारी बागेत होत्या, तुम्हाला आठवत असेल. दवाने भिजलेल्या गवतावर मी चपला काढून अर्धा तास उभी राहिले आणि बोलले. विषय होता, हिवाळ्यात कच्चं खाऊन निरोगी कसं राहावं. माझे पाय हाच माझा पुरावा होता. एकीने वाकून हात लावला आणि म्हणाली, "ताई, पाय बर्फ आहेत हो तुमचे."

"ते बाहेरून," मी म्हटलं. "आत ऊब आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात मी भाजी घेऊन घरी आले तर यांनी दारातच विचारलं, "सुमन, एक चप्पल कुठाय?" मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय नुसता होता आणि धुळीने काळा झाला होता. ती कुठे पडली, किती वेळ मी तशी चालले, मला काहीच माहीत नव्हतं.

"तुटली, टाकून दिली," मी म्हणाले.

पुढे त्यांनी मला सांगितलं की दुसऱ्या दिवशी ते त्या रस्त्याने गेले आणि रसवंतीच्या दुकानासमोर त्यांना ती चप्पल सापडली. धड होती. त्यांनी ती आणून चपलांच्या कपाटात मागे ठेवून दिली. माझ्याशी बोलायची भीती वाटते म्हणून माणूस चप्पल लपवून ठेवतो, अशी बायको मी झाले होते.

*

आमची एकुलती मुलगी पूनम सटाण्याला दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली आणि डिसेंबरात तिला मुलगी झाली. रेवा.

बाळंतिणीच्या खोलीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार. माझ्या आईने माझं सगळं केलं होतं, तेही स्टोव्हवर. मी माझ्या लेकीला काय दिलं? नारळपाण्यात भिजवलेलं अळीव. भिजवलेला खजूर. काकडी, पपई. पूनम मुकाट्याने खायची. दूध येण्यासाठी भूक मारायची नसते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण परात काढून शेगडी पेटवायची म्हणजे चार वर्षं जे बोलले ते गिळायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

लताबाई आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मूळच्या वणीकडच्या. कॉलनीत बाळंतिणींना मालिश करणं, बाळांना आंघोळ घालणं हे त्यांचं काम. रेवाचंही त्याच करायच्या. पहिल्या दिवशी आमचं स्वयंपाकघर बघून त्या शेगडीसमोर थोडा वेळ उभ्याच राहिल्या.

"मॅडम, घरात सुतक नाय, काय नाय, अन् चूल बंद?"

"आमच्याकडे कच्चाच आहार असतो लताबाई."

"आमच्याकडं थंडी पडली का द्राक्षाच्या बागंतबी शेकोट्या करत्यात. का तर घडांना गारठा नको. अन् तुम्ही वल्या बाळंतिणीला काकडी देता व्हय?"

मी हसले. खेडवळ समज म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या येताना पदराखाली काहीतरी घेऊन यायला लागल्या. भाकरीचा वास लपत नाही. मी ते मोठ्या मनाने चालवून घेतलं, असं मला तेव्हा वाटत होतं. माझी मुलगी माझ्याच घरात, दार लोटून, दुसऱ्याच्या घरची भाकरी खात होती.

*

आता लिहायला सगळ्यात अवघड ते.

रेवाच्या आंघोळीचं पाणी लताबाई त्यांच्याच घरी कडुनिंबाचा पाला घालून उकळायच्या आणि पातेलं वर घेऊन यायच्या. मग बादलीत विसण घालून, म्हणजे गार पाणी मिसळून, बेताचं करायच्या. अकराव्या दिवशी मी हट्ट धरला की आज आंघोळ मी घालणार. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, सटाण्याची मंडळी येणार होती. शिवाय मला गटात टाकायला व्हिडिओ हवा होता, ऐन थंडीत आजीच्या पायावर नात. पूनम फोन धरून न्हाणीघराच्या दारात उभी राहिली.

मी पाटावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय पसरले. ज्या पायांवर बाळ निजवायचं त्याच पायांवर आधी पाणी ओतून बघायचं, हे माझ्या आईने शिकवलेलं. आपल्या पायाला सोसेल तेच बाळाला. मी एक तांब्या विसण घातलं आणि थोडं पाणी नडग्यांवर ओतलं. काहीच लागलं नाही. कोमट आहे, मी ठरवलं.

लताबाई म्हणाल्या, "मॅडम, आजून दोन तांबे गार घाला. कढत हाय."

"माझे पाय सांगतायत ना, कोमट आहे."

रेवाला पायांवर पालथी घेतली आणि तांब्या ओतला. ती किंचाळली. लेकरं रडतातच आंघोळीला, असं म्हणून मी दुसरा ओतला.

हो, दुसराही ओतला.

लताबाईंनी बादलीत हात घातला आणि बाळ माझ्या पायांवरून अक्षरशः ओढून घेतलं. रेवाची पाठ लालबुंद झाली होती. मांडीवर दोन फोड आले. आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे पळवत नेलं. डॉक्टर म्हणाल्या की वरवरचं आहे, मलम लावा, आठ दिवसांत भरेल. आणि तसं भरलंही. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुणी काढलं होतं?"

लताबाई माझ्या मागेच उभ्या होत्या, दुपट्यांची पिशवी घेऊन.

मी म्हणाले, "मालिशवाल्या बाईंनी. त्यांनीच कढत आणलं."

पूनमने माझ्याकडे बघितलं आणि मग रेवाकडे बघत राहिली. मला त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी जावई गाडी घेऊन आले आणि पूनम सटाण्याला गेली. बारसं तिकडेच झालं. आम्ही दोघं पाहुण्यांसारखे गेलो. रेवाला पाळण्यात घालताना आत्याला बोलावलं, काकूला बोलावलं, मला कुणी बोलावलं नाही आणि मीही खुर्चीवरून उठले नाही. कॉलनीत ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी तेच उत्तर दिलं. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलताना जड जात नाही.

*

फेब्रुवारीत मी न्हाणीघरात पडले. तोंडाला साबण लावला होता, डोळे मिटलेले होते, आणि अंगाखालून जमीनच गेली. यांनी दाराची कडी तोडली. खांद्याला मार लागला, कपाळाला तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

मी आयुष्यात कधी परीक्षेत कॉपी केली नव्हती. त्या दिवशी केली. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, माझा अंगठा धरला आणि विचारलं, "वर नेतोय की खाली?" मला कळेना. मी पापण्या किंचित किलकिल्या केल्या आणि बघून उत्तर दिलं. त्यांनी शांतपणे सिस्टरांना माझ्या डोळ्यांवर रुमाल धरायला सांगितला. मग वाजवला की थरथरतो असा एक धातूचा चिमटा घोट्याला टेकवला. "कंप जाणवतोय?"

"हो, जाणवतोय."

"मॅडम, मी तो अजून वाजवलाच नाही."

पन्नाशी उलटलेली बाई पेपर कोरा ठेवायला लाजली, असं ते झालं. यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

शेवटी दोन काचेच्या नळ्या आणल्या. एकीत गरम पाणी, दुसरीत बर्फाचं. आळीपाळीने नडगीला लावत होते. "ही कोणती? आणि ही?" मी आता खरं बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, "दोन्ही सारख्याच लागतात." आणि बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर न्हाणीघर आलं. पाट, पितळी तांब्या, पातेल्यातून निघणारी वाफ. वाफ मला दिसत होती. बघायला डोळे होते. मी पायांना विचारलं.

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं आजाराला घाबरले. त्यांनी धीर दिला की वेळेत आलात, बी-बारा जवळपास संपलंय, रक्तही कमी आहे, नसांना इजा झालीय पण इंजेक्शनं सुरू केली की बरंच भरून येईल. सगळं येईल का, असं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "किती महिने दुर्लक्ष केलं, त्यावर आहे."

*

आठ दिवस वॉर्डात होते. पहाटे सफाई, सहाला चहा, मग इंजेक्शन, मग फिजिओथेरपीची मुलगी यायची. मला भिंतीला धरून लहान मुलासारखं चालवायची आणि "आजी, पायाकडे बघा, समोर नको" म्हणायची. पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा मी सवयीने नको म्हटलं. वॉर्डातल्या मावशींनी कप तिथेच ठेवला. "आसूं द्या. हात तरी शेका." मी दोन्ही हातांनी कप धरून बसले, आणि मग प्यायले. चार वर्षांनी. दूध होतं त्यात, साखरही भरपूर. इतकं बरं वाटलं की त्याचीसुद्धा लाज वाटली.

शेजारच्या कॉटवरची म्हातारी घरून आलेला मऊभात खायची. तिची सून डबा उघडायची आणि पहिल्यांदा माझ्यापुढे धरायची. ओळख ना देख. मी मात्र पोटच्या पोरीला डबा दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी आणून माझ्या पायांशी ठेवली. सिस्टरांनी ती लगेच उचलली. "काका, यांच्या पायांना गरम काही लावायचं नाही. भाजलं तरी कळणार नाही यांना."

सिस्टर गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. विसण, लताबाईंनी कढत आहे म्हणून सांगितलेलं, माझं उत्तर, दुसरा तांब्या. हे बराच वेळ पिशवीचं झाकण उघडत, लावत बसले. मग म्हणाले, "मलाही विचारायला हवं होतं सुमन. चप्पल सापडली तेव्हाच. मी मिसळ खायला गेलो."

दोघंही हसलो नाही.

त्याच दुपारी मी पूनमला फोन केला. सगळं एका दमात बोलले. पलीकडून रेवाचं काहीतरी गुंगुं चाललेलं ऐकू येत होतं.

"मला माहीत होतं आई," ती म्हणाली. "व्हिडिओ आहे माझ्याकडे. लताबाई दोन तांबे घाला म्हणतात, ते त्यात ऐकू येतं. तू काय म्हणालीस, तेही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते." मग म्हणाली, "पाणी कुणाचंही चुकतं गं. तुझे पाय आजारी होते, ते आता कळलं. पण तू लताबाईंचं नाव घेतलंस. ज्या बाईने मला जेवू घातलं, तिचं."

"माझं चुकलं."

"मला नको सांगूस. त्यांना सांग." आणि तिने फोन ठेवला.

*

घरी आल्यावर मी आधी परात काढली. शेगडीच्या बर्नरमध्ये झुरळांनी अंडी घातली होती. ती साफ व्हायला दोन दिवस लागले. मग काठी टेकत, पायाकडे बघत, एक एक पायरी उतरून तळमजल्यावर गेले.

लताबाई लसूण सोलत होत्या. उठल्या नाहीत, पण बसा म्हणाल्या. मी माफी मागितली. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. पायांचा आजार होता, संवेदना गेली होती, असं सगळं सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं.

"पायाचं समजलं मला," त्या म्हणाल्या. "आजाराला कोण काय करनार? पर जिभेला तं आजार नव्हता ना मॅडम."

त्यांनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

"तुमच्या बोलन्यानं माझी तीन घरं गेली. लोकं म्हनले, ह्या बाईनं लेकरू भाजलं. चाळीस वर्सात माझ्या हातनं लेकराला कधी ओरखडा नाय आला."

मी म्हणाले, मी त्या तिन्ही घरी जाते. गेलेही. तीन बिल्डिंगी, एकीला लिफ्ट नाही. पहिल्या घरी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लताबाईंना परत बोलावलं. दुसऱ्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "मग तेव्हा का नाही बोललात?" आणि पाणीही न विचारता दार लावून घेतलं. तिसऱ्या घरची तरुण मुलगी चांगली बोलली, म्हणाली, "काकू, आता आम्ही दुसऱ्या बाई लावल्या. त्यांना कसं काढू?" तिचंही बरोबर होतं. काही गोष्टी खरं बोलूनही परत जागेवर येत नाहीत. बिल्डिंगच्या गटावर मी सगळं नावानिशी लिहिलं. 'चुलीला सुट्टी'साठी लिहायला मात्र आजचा दिवस उजाडला. तिथल्या टाळ्या मला जास्त प्रिय होत्या, दुसरं कारण नाही.

*

आता माझी तब्येत विचाराल तर, इंजेक्शन महिन्यातून एकदा असतं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाणीव परत आली. तळवे आणि बोटं अजून मुकी आहेत, आणि डॉक्टरांच्या मते ती तशीच राहतील. अंधारात मी भिंत धरते. काकडी-गाजर आजही आवडीने खाते, पण सोबत भाकरी, वरण, दही, अंडं. मिसळ घरीच करते. यांचं म्हणणं, बाहेरच्यासारखी होत नाही. म्हणजे आता ते तोंडावर बोलायला लागले.

पूनम मात्र येईना. फोनवर बोलायची, रेवाचे फोटो पाठवायची. 'कधी येतेस' म्हटलं की 'बघू' म्हणायची. मी एकदा डिंकाचे लाडू करून पाठवले. वर्ष उलटत आल्यावर बाळंतपणाचे लाडू. तिने पोचले म्हणून कळवलं, कसे झालेत ते कळवलं नाही.

या नोव्हेंबरात, थंडी नुकती पडायला लागली होती, तेव्हा ती न कळवता आली. कडेवर रेवा, हातात पिशवी. आल्याबरोबर स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर आमटी उकळत होती. ती बघून तिने झाकण सारखं केलं. मग खाली लताबाईंकडे जाऊन तासभर बसून आली. वर येताना तिच्या हातात कडुनिंबाचा पाला होता.

सकाळी तिने आमच्याच शेगडीवर पाणी उकळलं. न्हाणीघरात मी भिंतीशी टॉवेल घेऊन उभी राहिले. तेवढंच काम आपलं, असं मी धरून चालले होते. पूनमने बादलीत विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं, अजून अर्धा तांब्या घातला. मग माझ्याकडे वळली.

"पाय पुढे कर."

मी केला. तिने माझ्या पावलावर बारीक धार धरली.

"लागतंय?"

पाण्यातून वाफ निघत होती, आणि 'हो' म्हणणं फार सोपं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच लागत नाही."

तिने धार वर नडगीवर नेली. "इथे?"

"इथे लागतंय. पण किती गरम ते नक्की सांगता येणार नाही. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

पूनमने तांब्या खाली ठेवला. कोपऱ्यातला पाट ओढून मधे आणला.

"बस," ती म्हणाली. "पाणी मी घालते. तू तिला धर."

मी भिंत धरत बसले, साडी वर घेतली, पाय पसरले. अकरा महिन्यांची पोर आता माझ्या पायांवर मावत नव्हती. तिची पावलं माझ्या पावलांच्या पुढे गेली होती, आणि पालथं निजायला तर ती मुळीच तयार नव्हती. मांडीवर तो फिकट डाग अजून आहे. मी तिला उताणी घेतली. पूनमने पहिला तांब्या हळूच ओतला. या वेळी मी पायांकडे लक्ष दिलंच नाही. मी रेवाच्या तोंडाकडे बघत होते.